पेनल्टीचा खड्डा

रेल्वे लाइन्सच्या मैदानावर अजून गवत नाही.
मे महिन्यात टाच टेकली
की बुटाच्या तळातून चटका वर येतो, तसाच.

पोरं ‘सर’ म्हणतात.
इथे मला सर कुणी म्हटलं नव्हतं.
‘कुरापाटी, पास दे की बे!’
एवढंच माझं नाव होतं.

गोलपोस्ट नवा आहे, जाळीसुद्धा.
खड्डा मात्र जुना,
ठिपक्याच्या डाव्या बाजूला, टाचेएवढा.
फायनलला मी तिथेच घसरलो,
आणि चेंडू कुंपणावरून
चालत्या मालगाडीच्या उघड्या डब्यात पडून
होटगीकडे निघून गेला.
लोक हसले. अंबण्णा मास्तर हसले नाहीत.
पुढच्या आठवड्यात मी पुण्याला गेलो,
नोकरीसाठी, असं सांगून.

आज तिथे व्यंकटेश गड्डम उभा आहे.
केसांत बापाच्या मागावरचं सूत,
पाठीवर माझा सात नंबर, त्याला ठाऊक नसलेला.
“सर, कुठल्या कोपऱ्यात मारू?”

एकोणीस वर्षं झाली,
मी रात्री दोन्ही कोपऱ्यांत मारून बघतो.
म्हटलं, “आधी तो खड्डा बुजव.”

त्याने बुटाने माती ओढली, दोनदा दाबली,
चार पावलं मागे गेला.
शिट्टी माझ्या दातांत तशीच.

“फुंका की बे,” तो ओरडला,
आणि जीभ चावली.