मंगळवारी चार ते पाच

सरकारी अर्जापुढे गेले नऊ महिने
एकच शब्द: प्रलंबित.
म्हणून वहीच्या मागच्या पानावर
मी लहान लहान निधींची नावं लिहीत गेले.
एक फक्त तांबट आळीतल्यांसाठी,
एक वडील पोस्टात असतील तर,
एक कधीच बंद पडलेला, पाटी तेवढी शाबूत.

नारायण पेठेत, छत्रीदुरुस्तीच्या वर,
कै. शरयू खाजगीवाले स्मृती निधी.
'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते.'

आजोबांनी गुणपत्रिका पालथी ठेवली,
उत्पन्नाचा दाखला चष्मा न लावताच परत केला.
"भूगर्भशास्त्र म्हणजे दगडच ना?
आमची शरयू खिसे भरून आणायची.
धुण्यात सापडले की हिची आई ओरडायची."

फोटोतली ती माझ्याच वयाची.
फ्रेम खांद्यापाशीच संपते,
खिसे दिसत नाहीत.

अकरा हजार. म्हणजे वसतिगृहाचे साडेतीन महिने.
पावतीवर सही करताना म्हणाले,
"परतफेड नाही. पण येत्या मंगळवारी
एखादा दगड आणा. नाव सांगा त्याचं."

रविवारी वेताळ टेकडीवर
बराच वेळ वाकून फिरले.
सगळा बेसाल्टच.
त्यातल्या त्यात एक, पांढऱ्या ठिपक्यांचा,
कुर्त्याच्या खिशात टाकला.

मंगळवारपर्यंत कुर्ता धुतला नाही.