एकजण तरी

नियमच आहे तसा : प्रत्येक संघातून एकजण तरी.
म्हणजे आमच्यातूनही.

जुलै उजाडला तेव्हा सव्वीस जिंकलेले, एकोणसाठ हरलेले.
इरी सरोवरावरून येणारा वारा
रिकाम्या खुर्च्यांची बुडं आपटत बसायचा रात्रभर.
मी इथला कपडेवाला. बावीस वर्षं
यांच्या गुडघ्यांवरची लाल माती घासतोय.
मला कोण विचारतं?
पण मॅनेजर टॅनक्विस्ट त्या रात्री यादी घेऊन
माझ्या ड्रायरवर येऊन बसला,
कारण तिथे पत्रकार येत नाहीत.
म्हणाला, बोल. कोण?

व्हॉस?
एकोणीस होम रन, सगळे बेस रिकामे असतानाचे.
बेस भरले की त्याची बॅट
पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला सांगितलेलं पोर.

किंटाना?
शेवटच्या डावात आघाडी राखायची, एवढंच त्याचं काम.
कुलूप घेऊन उभा असतो बिचारा,
घराला दारच नाही.

तो नवा शॉर्टस्टॉप चांगला होता.
त्याला आपण मागच्याच आठवड्यात विकला.

टॅनक्विस्ट हसला. मेनंतर पहिल्यांदा.
वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात,
पण वासरं तरी कुठे होती आमच्याकडे.

मी म्हटलं, पेल्कोनेन.
छत्तीस वर्षांचा कॅचर.
दहादा बॅट घेऊन जातो, दोनदा पोचतो.
पण त्याची पँट मला दोनदा धुवावी लागते.
अकरा-दोनने हरत असतानाही
मातीत आपटलेला चेंडू तो छातीवर घेतो,
मागे जाऊ देत नाही.
का, ते त्यालाच माहीत.

‘लोक हसतील.’
‘हसतातच की.’

पेल्कोनेनला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला.
तीन दिवसांची सुट्टी, मुलीला मासे धरायला नेणार होता,
होडीचे पैसेसुद्धा आगाऊ भरलेले.
‘दुसरं कोणीच नाही का?’
आम्ही दोघांनी फरशीकडे पाहिलं.

सामना मी धुण्याच्या खोलीत पाहिला,
यंत्रं बंद करून.
आमच्या शहराचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या
लग्नात लांबच्या नातेवाइकाला मिळतात तेवढ्या.
त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.
कॅमेरा दीड सेकंद थांबला,
आणि मला डाव्या गुडघ्यावर
तो फिकट तांबूस डाग दिसला.
सोडा, व्हिनेगर, सगळं करून पाहिलं होतं.

त्याला खेळवलं नाही.
नवव्या डावापर्यंत कुंपणाआड उकिडवा बसून
दुसऱ्यांच्या पिचरांचे चेंडू झेलत होता.
कोणीतरी चुकून तिकडे कॅमेरा वळवला :
जाळीवर कोपरं टेकून एक पोरगी,
गळ अडकवलेली टोपी कानांपर्यंत ओढलेली,
बापाचा प्रत्येक झेल
बोटांवर मोजत होती.