उत्तरेकडचं पाखं

यंदा समुद्र अकराच दिवस गोठला.
एवढ्यात बर्फावर उतरून बोरू कापायचा म्हणजे,
काल्यु म्हणाला, लग्नाच्या पंगतीला एक भाकरी.
उरलेले भारे ट्रकने आले, कुठल्याशा परक्या तळ्याचे,
जाड पेराचे. चावून बघितले तर खारट लागत नाहीत.
काल्यु प्रत्येक पेंढी चावून बघतो.
मीही बघतो आता. हसू नका.

लाइनेबाईंचं घर ओंडक्यांचं,
फटींत शेवाळ कोंबलेलं, दार कमरेत वाकायला लावणारं.
दक्षिणेचं पाखं उन्हाने राखलंय.
उत्तरेकडचं मात्र कुजलंय; हात घातला
तर मनगटापर्यंत जातो
आणि गोठ्यातल्या तळच्या गवताचा वास घेऊन
काळा होऊन बाहेर येतो.

तालिनहून आलेल्या मारितबाईंकडे फाइल आहे.
फाइलीत नोंद: शाकारणी, एवाल्द, एकोणीसशे एकोणपन्नास.
मूळ पद्धतीनेच करा, त्या म्हणतात,
अनुदान मूळ पद्धतीला आहे.
काल्यु मान हलवतो. त्याची मान
हो आणि नाही दोन्हीला सारखीच हलते.

तिसऱ्या दिवशी धुराड्याजवळ,
नंतरच्या दोन थरांखाली,
जिथे धुराने सगळं कोरडं ठेवलं होतं,
वाळुंजाच्या पिळलेल्या काडीची गाठ हाताला लागली.
सोडवायला गेलो तर आवळली.
पुन्हा गेलो. आणखी आवळली.
काल्यु शिडीने वर आला, चष्मा कपाळावर,
म्हणाला, अरे, ही उलटी आहे.
पुढचीही. तिच्या पुढचीही.
आढ्यापासून वळचणीपर्यंत अख्खं पाखं उलटं.

खाली लाइनेबाई बटाटे सोलत बसल्या होत्या.
काल्युने एक गाठ कापून आणली
आणि त्यांच्या मांडीवरच्या सालींत ठेवली.
त्यांनी सुरी बाजूला केली.
"आई डावरी होती."
मग पातेल्यातलं पाणी निवळल्यावर,
"ती माझ्या बुटाची नाडी बांधायची, मी समोर बसायचे.
समोरून बघत शिकले ना,
म्हणून माझी गाठ सुलट."

एवाल्दला मार्चात नेलं, बर्फ वितळायच्या आधी.
कापलेला बोरू कोठाराच्या भिंतीला टेकून
तसाच उभा राहिला.
मे महिन्यात मेएता शिडीवर चढली.
चार वर्षांच्या लाइनेला तिने
धुण्याच्या पिंपात बसवलं, पळून जाऊ नये म्हणून.
पिंपातून आभाळाचा एक गोल दिसायचा
आणि कधीकधी त्यात आईची टाच.
शरदात कचेरीतला माणूस वही घेऊन आला,
छप्पर कुणी केलं?
मेएताने नवऱ्याचं नाव सांगितलं.
नाव तरी घरी राहू दे, असं काही मनात असेल.
हे "असेल" माझं.
लाइनेबाई एवढं बोलल्या नाहीत.

गाठ म्हणजे काही कागद नव्हे,
मारितबाई म्हणाल्या,
आणि गाठीचे नऊ फोटो काढले.
रकान्यातल्या एवाल्दशेजारी
पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह.
पेनने नाही, ते वरून विचारून.

एकाहत्तराव्या वर्षी काल्यु
उजव्या हाताला दटावत पहिली उलटी गाठ बांधतो.
सुटते.
शिव्या घालतो, त्या मात्र सुलट.
मूळ पद्धत, मला म्हणतो. फाइलीच्याही मुळाची.
दिवसाला चार हात पाखं व्हायचं, आता दीड होतं.
मजुरी दीडाचीच मिळणार.

धुराड्याजवळचा हातभर तुकडा जुनाच राखला.
उद्या त्याच्यावर परक्या तळ्याचा बोरू बसेल,
मग चाळीस वर्षं कुणाला दिसायचा नाही.

रात्री ओट्यावर बूट काढायला बसलो
तर नाडी सुटेना.
ओढली, आवळली.
पुन्हा ओढली.
आतून लाइनेबाईंनी विचारलं,
सुरी देऊ का?
नको म्हटलं. थांबा जरा.