जमिनीपासून चार बोटं

होटगी रोडला, दस्तगीरभाईंच्या गॅरेजात
दोन वर्षं ती ताडपत्रीखाली उभी आहे.
दोन दारं, दोन सीटा, रंग लाल.
म्हणजे एके काळी लाल; आता
उन्हात विसरलेल्या मिरचीसारखा.
कुणा कारखानदाराच्या पोराची हौस.
पोरगा कॅनडाला गेला, हौस इथंच राहिली,
आरशामागे चिमणीनं काड्या आणून टाकल्या.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
एकोणीस वर्षं. एक्सपोर्टचे डझन, सुताचा भाव,
कामगारांची उचल.
दुसऱ्याच्या पैशात कधी रुपया चुकले नाही.
स्वतःच्या पैशाला वही आत्ता पहिल्यांदा उघडली.

मागतात चार लाख दहा.
ठेव दोन लाख ऐंशी, मोडली तर व्याज बुडतं.
भिशीचे साठ, माझा नंबर मार्चात,
सुरेखा बोद्धूल बदलून देते म्हणाली तर संक्रांतीलाच.
दोन बांगड्या. त्या पेन्सिलीनं लिहिल्या
आणि खोडल्या.
परत लिहिल्या.
बँकेतला साहेब म्हणाला, मॅडम,
चौदा वर्षांच्या गाडीला कर्ज कोण देणार?
नवी छोटी घ्या ना, पाच जण बसतात.
पाच जण कोण, हे त्यानं विचारलं नाही.

दस्तगीरभाई खोटं बोलत नाहीत,
त्यांच्या धंद्याचा तेवढाच तोटा.
"इंजिन वाघ हाय बघा ताई. पन क्लच घसरतोय,
टायर चारी घाला, एसीचं तर नाव काढू नका."
सोलापुरात, मे महिन्यात, एसीचं नाव काढायचं नाही.
"आन खालून लै बुटकी. आपले स्पीडब्रेकर
पोट सोलून काढतील की हिचं."
हाताची चार बोटं आडवी धरली: एवढीच वर.
मी लिहिलं: क्लच बावीस, टायर चोवीस, विमा.
घरापासून कारखान्यापर्यंत स्पीडब्रेकर मोजले: सतरा.
त्यातले तीन लोकांनी आपापल्या दारापुढे
रातोरात घातलेले.

आईला हा खर्च कुठल्या खात्यात दाखवू?
तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्या, दिवसाला हजार.
तिला लाख कळतात, पण विड्यांचे.
"एन्नी बीडीलु?" एवढंच विचारलं.
मी भागाकार केला. उत्तर झाकलं,
वहीवर डबा ठेवून.

रविवारी पहाटे चालवून बघायला नेली,
आई म्हणाली, मीही येते.
हिला आत बसवणार कशी? खुर्चीवर बसताना
गुडघे कुरकुरतात, रिक्षाची पायरी तिला डोंगर.
ती दाराशी आली, पाठ वळवली, घसरली,
बसली.
पाय पुढे लांब. पाठ टेकलेली. मांडी सपाट.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"हे तर खालीच बसल्यागत हाय की."
आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले,
सूप असायचं तिथं.

तुळजापूर रोडला चौथ्या गिअरला
ती गाडी काय झाली, ते वहीत बसत नाही.
एका गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज आला,
आई हसली. मी तिला अशी हसताना
विडीच्या पासबुकावर बोनस चढला तेव्हा पाहिलेलं.

"तीन साठ," मी दस्तगीरभाईंना म्हणाले,
"क्लच तुमच्याकडून. त्याच्यावर एक रुपया नाही."
त्यांनी घड्याळ बघितलं, डोकं खाजवलं.
"कॅनडाला लावतो फोन. पन तिकडं अजून शनिवार हाय."
आम्ही थांबलो.
आई काही उतरली नाही.
म्हणाली, सोमवार होऊ दे, मला घाई नाही,
जरा ती काच खाली कर.