गुरुवारच्या आत

टॉडमॉर्डनमधल्या त्या शेडमध्ये डोरीनबाईंनी
आधी मांजर हाकललं, मग ताडपत्री ओढली.
बिडाची बँडसॉ. माझ्याहून वीतभर उंच,
वजन सातशे किलो, किंमत दोनशे पौंड.
"गुरुवारी भंगारवाला येतोय," त्या म्हणाल्या,
हवापाणी सांगावं तसं.

मी गिऱ्हाइकाचा चेहरा केला.
नखाने गंज खरवडला.
मोटर थ्री-फेजची, माझ्या घरात सिंगल.
गॅरेजमध्ये आधीच एक अर्धवट लेथ
मागल्या दिवाळीपासून माझ्याकडे बघतोय.
सुनेत्रा काय म्हणेल ते पाठ आहे.

वरचं चाक हाताने फिरवलं.
ते फिरतच राहिलं.
एकोणचाळीसपर्यंत मोजलं मी,
मग रबराचा एक तुकडा सुटून
फट्दिशी जमिनीवर.

झाकणाच्या आत पेन्सिलीने जिन्याची मापं,
खोडलेला फोन नंबर,
आणि: आर्नल्डची खुर्ची, शुक्रवार.
"झाली का ती खुर्ची?"
"झाली ना. आर्नल्ड गेला त्याआधीच.
आता मांजर झोपतं तिच्यात."

विचार करून कळवतो, म्हणालो.

रात्रीचे अकरा. पायात सपाता, हातात टेप,
गॅरेजचं दार मोजतोय.
चार इंच कमी पडतायत.
चौकट तशीही
जुनीच झालीय.