न्यूट्रलवरचं बटण

पट्टी खाली उतरवली तेव्हा
आधी पालीची दोन फुटकी अंडी पडली,
मग गंजाची भुकटी,
मग एक पांढरा थर, जिभेला न लावताच ओळखू येणारा.
सर्जेकोटात वस्तू आधी खारतात,
मरण पुढच्या वर्षी.

बर्फाच्या कारखान्यातली लाद्या चढवायची खोली.
अमोनिया डोळ्यांत. चार फुटी ट्यूब
तीन रात्री नुसती डोळे मिचकावतेय,
आणि पहाटे तीनला ट्रॉलरवाले दारात.
गुणाजी आडकर शिडी धरून उभा,
एक हात शिडीला, एक तपकिरीला.
"जपान गो बाय, थंय कायतरी आसा.
बटन बंद केला तरी ही मेली रातभर मिणमिणता.
नारळ दिलो, तरी तसाच."

मी हसले नाही.
बटण बंद ठेवून टेस्टर टेकवला.
टेस्टरच्या पोटात लाल ठिपका.

म्हणजे फेज थेट पट्टीत येऊन बसलेला
आणि बटण तोडत होतं ते न्यूट्रल.
पाहुणा घरातच.
त्याची परतीची वाट तेवढी
ही माणसं रोज रात्री बंद करून झोपत होती.

कुणाचं हे काम, मी मनात शिवी तयार केली.
फ्रान्सिस सोजचं तर नव्हेच.
सोजमामाचा जोड मी अंधारात बोटांनी ओळखीन:
सात वेढे, शेपूट मागे दुमडलेलं,
वर मेणबत्तीचं मेण ओतलेलं.
"टेप सुटता," म्हणायचा, "मेण ऱ्हवता."
या जोडाला वेढे पाच.
शेपूट पुढे, काट्यासारखं.
लाल तार संपली म्हणून फेजला काळी वापरलेली.
आणि पट्टीच्या आतल्या अंगाला
पेन्सिलीने, ऐटीत:
प्र. ता. १४-५-०५.

प्रणिता तारी.
आयटीआयचं पहिलं वर्ष, नवीकोरी पक्कड.
खालून सोजमामाने विचारलं होतं, "चेक केलंस?"
मी वरून म्हटलं होतं, "हो."
खोली उजळली होती.
उजेड काही विचारत नाही
कुठली तार कुठून आली.

"ह्याच पट्टीन एकदा माका फेकलेला," गुणाजी सांगत होता,
"स्टार्टर बदलताना. बटन बंद होता हां.
त्या लाद्यांवर जावन पडलंय.
देवान राखलो."
आणि तो मनगट फिरवून दाखवत होता,
पूर्ण न फिरणारं.

मी मेन पाडला.
मोबाइल दातांत धरला, बरं झालं,
तोंड भरलेलं होतं.
तांब्याला कळंक चढलेला, हिरवागार,
तीन बोटं तार कापली तरी आत हिरवीच.
आणखी कापली.
पात्याने खरवडत गेले
गुलाबी लागेपर्यंत.
नवा चोक, नवे होल्डर,
फेज बटणातून, न्यूट्रल सरळ.
सात वेढे. शेपूट मागे.
मेणबत्ती गुणाजीच्या देव्हाऱ्यातली.

मेन वर. बटण.
दोनदा चमकली, चोक गुणगुणला,
आणि लाद्यांच्या पोटातले बुडबुडेसुद्धा दिसले.
मग बटण बंद.
काळोख, अगदी निखळ,
त्यात बर्फ कुठेतरी तडकत होता.

"गेला मा?" गुणाजीने हळूच विचारलं.
"काका," मी म्हटलं, "तां भूत मीच."
मी तारीख दाखवली, सगळं सांगितलं,
पाच वेढ्यांपासून त्या 'हो'पर्यंत.
तो बराच वेळ पेन्सिलीकडे बघत राहिला,
तपकीर ओढायची विसरून.
मग आत गेला आणि एक नारळ घेऊन आला.
"ह्यो पुढच्या आवशेचो.
तुकाच देवक व्हयो मगे."

बिलात चोक लिहिला, होल्डर लिहिले,
मजुरीचा रकाना कोरा सोडला.
स्कूटरच्या डिकीत पक्कड, टेस्टर, नारळ,
वळणावर एकमेकांवर आपटत होते.
खाडीच्या रस्त्यावरून मागे पाहिलं:
कारखान्याची खिडकी पांढरी. काळी.
पांढरी. काळी.
गुणाजी चेक करत होता.