शेरा

मरोळला, दुसऱ्या मजल्यावर, पडदे कायम ओढलेले,
मी जाहिराती ऐकते. बघत नाही, ऐकते.
कानावर हेडफोन, पुढ्यात तक्ता:
वाहिनी, वेळ, सेकंद, गीतकार, संगीतकार, फितीचा मालक.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कुणी वाचत नाही.

साबण सात सेकंद. बनियन वीस.
सोनेतारण कर्जाला पाच सेकंदांची सनई,
तीही संगणकातली, वर्षाच्या भाड्याने.
एका चालीला दोन मालक असतात, हे मला इथे कळलं.
चाल ज्याची, त्याच्याकडून एक कागद,
ती ज्या फितीवर बसली, त्या कंपनीकडून दुसरा.
घर एकाचं, दार दुसऱ्याचं,
आत कोण राहून गेलं, त्याची नोंद नाही.

दर गुरुवारी चारला फोन येतो.
"चुरी बोलतोय, माहीमवरनं. शीळ."
शीळ म्हटलं की झालं.
"या आठवड्यात कितीदा?"
एकशे बारा, मी सांगते. क्रिकेट होतं ना.
"अकरा गुणिले एकशे बारा..."
पेन्सिलीची खरखर, मग
"वीस मिनिटं बत्तीस सेकंद."

सत्त्याऐंशी साली, ताडदेवच्या स्टुडिओत, एका चहासाठी,
बासरीवाला आलाच नाही, तेव्हा
माइकच्या वायरी जोडणाऱ्या हरेश्वर चुरींना कुणी म्हणालं,
तू वाजव रे तोंडाने.
दीडशे रुपये. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही.
कागदावर होतं: आज ज्ञात असलेल्या व पुढे शोध लागेल अशा
सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमचं.
"विश्वात," ते म्हणतात, "म्हणजे बघा,
शनीवर कुणी चहा उकळला
तरी मला दमडी नाही."

पैसे नकोत, नुसतं नाव लावा, असलं काही ते बोलत नाहीत.
पैसेच हवेत. कवळीचे चौदा हजार सांगितलेत.
मी नियम वाचून दाखवते: संगीतकाराचा वाटा, गीतकाराचा वाटा,
गायकाचा असतो, पण तो दुसऱ्या ऑफिसात.
शीळ घालणारा कुठे बसतो, ते साहेबांना विचारते.
साहेब म्हणाले, विचारून सांगतो.

मार्चात कंपनीने फितीचं भाडं वाढवलं.
एजन्सी हुशार. नवीनच करून घेऊ, म्हणाली, सेम टू सेम.
तीन पोरं आली शीळवाली. सूर चोख.
पण दुसऱ्या वळणावर ती जराशी हवा गळते,
बशीतल्या चहावर फुंकर घातल्यासारखी,
ती काही केल्या जमेना.
शेवटी चुरींनाच बोलावलं. शिकवायला.
टॅक्सीभाडं आणि दोन हजार.
व्हाउचरवर: 'सल्ला'.

"ती हवा ना," गुरुवारी मला म्हणाले,
"पुढचा दात नव्हता तेव्हा. सायनला बसमधून उतरताना पडलो होतो.
पोराला काय शिकवू? दात पाड म्हणू?
म्हटलं, जीभ थोडी चुकव. मुद्दाम नको चुकवू. चुकू दे."

नवी जाहिरात परवा लागली, रात्री नऊ सव्वीसला.
अकरा सेकंद.
दुसऱ्या वळणावर पोराची हवा गळली. जवळजवळ.
संगीतकार, लिहिला. फितीचा मालक, आता वेगळा, लिहिला.
शेऱ्यात लिहिलं: दात चुरींचा.

आज गुरुवार. चार.
"कितीदा?"
काका, आता ती तुमची नाही वाजत.
"माहितीये.
कितीदा?"